ब्राउझरमध्ये कागदपत्रे आणि स्लाइड झटपट कशी तपासाव्यात?

वर्डची फाइल, एक्सेलचा तक्ता, पॉवरपॉइंटचे सादरीकरण किंवा पीडीएफ वाचण्यासाठी आता संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. क्रोम, एज, फायरफॉक्स किंवा मोबाइलमधला कोणताही ब्राउझर हे काम काही सेकंदांत करतो. मात्र फाइल उघडणे वेगळे आणि ती तपासणे वेगळे. आपल्या गावाचा, जमिनीचा किंवा रस्त्याचा निर्णय ज्या कागदावर आहे, तो तपासताना हा फरक महागात पडू शकतो.

पोलादपूर आणि खेड या दोन तालुक्यांच्या मधला कशेडी घाट आणि त्याच्या पायथ्याचा महाड-पोलादपूर परिसर हे याचे चांगले उदाहरण आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३१ जुलै २०२४ रोजी पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा प्रसिद्ध केला. सहा राज्यांतील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात प्रस्तावित होते आणि त्यांपैकी सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रातले होते. सोबतच्या गावांच्या यादीत महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील गावे होती. हरकती व सूचनांसाठी मुदत होती ६० दिवसांची. म्हणजे गावकऱ्यांपुढचे पहिले काम अगदी साधे होते: लांबलचक पीडीएफमध्ये आपले गाव आहे की नाही, हे पाहणे. आणि अडचण नेमकी तिथेच येते.

## थोडक्यात

- ब्राउझर फाइलचे एक दृश्य दाखवतो. ते मूळ फाइलशी तंतोतंत जुळेलच असे नाही.
- शोधल्यावर शब्द सापडला नाही, याचा अर्थ तो कागदात नाही असा होत नाही.
- मराठी मजकुरात फॉन्ट, जोडाक्षरे आणि नावांचे स्पेलिंग या तीन जागी सर्वाधिक गोंधळ होतो.
- सादरीकरणात लपवलेल्या स्लाइड, टिपा आणि आलेखांचे आकडे वेगळे पाहावे लागतात.
- हरकत किंवा सूचना लिहिताना फाइलचे नाव, तारीख, पान आणि परिच्छेद यांचा उल्लेख हवाच.

## ब्राउझर फाइल उघडतो तेव्हा काय होते?

२००७ च्या ऑफिसपासून वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या फाइल नव्या रचनेत साठवल्या जातात. वरून एक दिसणारी ही फाइल खरे तर झिप केलेला गठ्ठा असतो. मजकूर, चित्रे, मांडणी आणि टिप्पण्या त्यात वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. ब्राउझरमधली सेवा तो गठ्ठा सोडते आणि आपल्या पद्धतीने पान पुन्हा जुळवते. गूगल डॉक्स, मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन वर्ड, चेन्नईच्या झोहो कंपनीचे रायटर, लिबरऑफिसवर आधारलेले कोलॅबोरा, या सगळ्यांची जुळवण्याची पद्धत थोडी थोडी वेगळी आहे. म्हणून एकीकडे १२ पानांची दिसणारी फाइल दुसरीकडे १३ पानांची दिसू शकते. 'पान ७ वरचा तक्ता पाहा' असे फोनवर सांगितले, तर पलीकडच्याला तो पान ८ वर सापडतो, तो यामुळे.

पीडीएफचे तसे नाही. त्यात प्रत्येक अक्षराची पानावरची जागा ठरलेली असते, त्यामुळे पान सगळीकडे सारखेच दिसते. फायरफॉक्समध्ये २०१३ पासून पीडीएफ वाचक अंगभूत आहे. क्रोम आणि एजमध्येही तो असतो. पण दिसणे सारखे असले तरी आतला मजकूर शोधता येईलच, याची खात्री नसते.

झटपट पाहण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नुसते दृश्य: ईमेलमधल्या जोडणीवर किंवा ड्राइव्हमधल्या फाइलवर क्लिक केल्यावर दिसते ते. हे वेगाने उघडते, पण त्यात टिप्पण्या, केलेले बदल आणि टिपा दिसतीलच असे नाही. दुसरा मार्ग म्हणजे फाइल पूर्ण उघडणे. याला वेळ लागतो, पण कागदाच्या आतले सामान तपासता येते. काय आले आहे ते बघायला पहिला मार्ग पुरे. सही, ठराव किंवा हरकत यांपूर्वी दुसराच मार्ग धरावा.

## आधी आवृत्ती पाहावी

वाचायला बसण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: ही फाइल नेमकी कोणती? पश्चिम घाटाचा २०२४ चा मसुदा हा सहावा होता. त्याआधी २०१४, २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ मध्ये असेच मसुदे निघाले होते. सगळ्यांचा विषय एक, भाषा जवळपास एक आणि सोबत गावांची यादी. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली फाइल यांपैकी कोणती आहे, हे तिच्या नावावरून कळत नाही. फाइल पुढे पाठवताना कोणी तिचे नाव बदललेलेही असते.

म्हणून पहिल्या पानावरची प्रसिद्धीची तारीख, अधिसूचनेचा क्रमांक आणि 'मसुदा' हा शब्द आधी पाहावा. शक्य असेल तर फाइल थेट सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. शासन निर्णयांच्या बाबतीत राज्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक निर्णयाला सांकेतिक क्रमांक असतो. तो टाकला की मूळ प्रत मिळते. गूगल डॉक्समधल्या कागदाला 'आवृत्तीचा इतिहास' असतो. संपादनाची परवानगी असल्यास कोणी, कधी, काय बदलले ते तिथे दिसते.

## मराठी अक्षरे बिघडतात तेव्हा

एखादी फाइल उघडावी आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा सडा दिसावा, हा अनुभव कार्यालयांत नवा नाही. याचे कारण जुने फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव, सीडॅकचे सुरेख यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये संगणक आतून इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठवतो. फक्त त्यांचे चित्र देवनागरीचे असते. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही तिथे चित्र जाते आणि आतली चिन्हे उघडी पडतात. ब्राउझरमध्ये हे हमखास होते.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे मंगल, नोटो किंवा मुक्ता असा कोणताही युनिकोड फॉन्ट असला तरी मजकूर वाचता येतो आणि शोधता येतो. जुन्या फॉन्टची फाइल आली तर तीन उपाय आहेत. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवावी, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा सोबत येतो. ते शक्य नसेल तर मजकूर फॉन्ट परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा. तेही जमले नाही तर तो फॉन्ट असलेल्या संगणकावर छापून घ्यावे.

परिवर्तनानंतर मात्र मजकूर एकदा डोळ्यांखालून घालावा. मराठीत अर्ध्या र ची दोन रूपे आहेत आणि परिवर्तक तिथे चुकू शकतो. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र. कशेडी घाटाच्या अहवालात 'दर्यांच्या बाजूला संरक्षक कठडा' असे वाचायला मिळाले, तर चूक अभियंत्याची नसून रूपांतराची आहे, हे ओळखता आले पाहिजे. आकड्यांचेही तसेच. रकमा, गट क्रमांक आणि क्षेत्रफळ रूपांतरानंतर मूळ प्रतीशी ताडून पाहावे.

## गावाचे नाव शोधताना

बहुतेक जण कंट्रोल आणि एफ दाबतात, गावाचे नाव टाइप करतात, 'काहीही सापडले नाही' असे दिसले की फाइल बंद करतात. मोबाइलवर तेच काम 'पानावर शोधा' या पर्यायाने होते. नाव न सापडण्याची निदान पाच कारणे असू शकतात.

पान म्हणजे नुसता फोटो. सही-शिक्क्यासाठी छापून पुन्हा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरे नसतात, चित्र असते. त्यात शोध लागणे शक्यच नाही. ओळखण्याची खूण सोपी: एखादा शब्द बोटाने किंवा माउसने निवडून पाहावा. निवडला जात नसेल तर तो फोटो आहे. अशी लहान फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून गूगल डॉक्समध्ये उघडली, तर ती सेवा चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर देते. मराठीही ओळखली जाते, पण तक्ते विस्कटतात.

अक्षरे दिसतात, पण आत वेगळीच असतात. देवनागरी पीडीएफमध्ये वेलांटी आणि जोडाक्षरे आत वेगळ्या क्रमाने साठवलेली असू शकतात. अशा वेळी समोर स्पष्ट दिसणारा शब्दही शोधात येत नाही. चाचणी म्हणून पानावर दिसणारा एखादा शब्द कॉपी करून शोधाच्या चौकटीत चिकटवावा. तिथे वेडेवाकडे काही उमटले, तर या फाइलमध्ये मराठी शोधावर विसंबू नये.

स्पेलिंग वेगळे आहे. केंद्राच्या राजपत्रातला मजकूर हिंदी आणि इंग्रजीत असतो. हिंदीत ळ चा ल होऊ शकतो. इंग्रजीत तर जिल्ह्याच्या नावापासूनच गोंधळ आहे. राज्य सरकारच्या कागदांत रायगडच्या रोमन स्पेलिंगचा शेवट 'डी'ने होतो, पण २०११ च्या जनगणनेच्या यादीत तो 'आर एच'ने होतो. छत्तीसगडमध्येही त्याच स्पेलिंगचा जिल्हा आहे. मराठीतही एकच रूप नसते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्या गावाचे नाव कुठे 'तळीये' तर कुठे 'तळिये' असे लिहिलेले आढळते. एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपातली नोंद निसटते. म्हणून पूर्ण नावाऐवजी बदलणार नाही असा नावाचा तुकडा शोधावा.

यादीत वाडी नाही, महसुली गाव आहे. कोकणात माणसे राहतात वाडीवर आणि नावही वाडीचेच सांगतात. तळीयेत दरड कोसळली ती कोंढाळकरवाडीवर. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरची सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. सरकारी यादीत मात्र बहुधा महसुली गाव असते. वाडीचे नाव शोधून ते सापडत नाही म्हणून निश्चिंत होणे चुकीचे. सातबाऱ्यावर जे गाव लिहिलेले असते ते शोधावे.

नाव किंवा क्रमांकच बदललेला आहे. कशेडी घाटातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आधी राष्ट्रीय महामार्ग १७ होता. २०१० च्या नव्या क्रमांकनानंतर तो ६६ झाला. रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पूर्वी कुलाबा होते. जुन्या कागदांत '६६' किंवा 'रायगड' शोधून काही हाती लागणार नाही.

या सगळ्यांवर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कोड. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिला आहे. यादीत कोडचा रकाना असेल तर तोच शोधावा. नावाचे स्पेलिंग कसेही असले तरी तो बदलत नाही. आकडे शोधताना '१२' आणि त्याचे रोमन रूप अशा दोन्ही प्रकारे पाहावे. कोडही नसेल, तर तालुक्याचे पान गाठून यादी ओळीने वाचावी. पोलादपूरसारख्या लहान तालुक्याची यादी वाचायला फार वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट. कशेडी घाट दोन जिल्ह्यांच्या हद्दीवर आहे. पोलादपूरची बाजू रायगडमध्ये, खेडची रत्नागिरीत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा किंवा रस्त्याचा अहवाल एकाच जिल्ह्याचा असेल, तर घाटाचा अर्धाच भाग त्यात सापडेल. उरलेल्यासाठी दुसऱ्या जिल्ह्याची फाइल उघडावी लागते.

## सादरीकरणाच्या स्लाइड कशा पाहाव्यात?

सादरीकरण बोलण्याच्या आधारासाठी बनते. बोलणारा माणूस नसताना ते वाचले की अर्धा अर्थ गळतो. म्हणून पहिल्यांदा सगळ्या स्लाइड लहान आकारात एकत्र पाहाव्यात. गूगल स्लाइड्समध्ये यासाठी जाळीचे दृश्य आहे, तर ऑनलाइन पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड क्रमवारीचे. एका नजरेत कळते की किती स्लाइड फोटोंच्या आहेत, किती आकड्यांच्या आणि आपल्या प्रश्नावर नेमक्या किती.

त्यानंतर चार जागा तपासाव्यात.

१. लपवलेल्या स्लाइड. पडद्यावर सादर करताना त्या वगळल्या जातात, पण फाइलमध्ये असतात. पूर्ण फाइल उघडली की बाजूच्या पट्टीत त्या दिसतात. पीडीएफ केलेल्या प्रतीत त्या असतीलच असे नाही.

२. वक्त्याच्या टिपा. स्लाइडवर 'मार्गाला मंजुरी' एवढेच असते आणि 'काही अटींवर' हे खालच्या टिपेत असते.

३. हालचाल. एकामागून एक येणारी चित्रे पीडीएफमध्ये एकमेकांवर चढतात आणि खालचा मजकूर झाकला जातो. अशी स्लाइड सादरीकरणाच्या दृश्यात चालवून पाहावी.

४. आकडा कशाचा आहे. कशेडीच्या बोगद्याचेच घ्या. २०२३ च्या गणेशोत्सवापूर्वी त्यातील एक मार्गिका हलक्या वाहनांसाठी खुली झाली. बोगदा साधारण दोन किलोमीटरचा, तर जोडरस्त्यांसह कामाचा पूर्ण टप्पा सुमारे नऊ किलोमीटरचा. स्लाइडवर 'कशेडी: ९ किमी' असे असेल, तर तो बोगदा की टप्पा? खर्च, वेळेची बचत आणि बाधित जमीन यांचे सगळे हिशेब या एका शब्दावर फिरतात. आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, तेही पाहावे. तो मधूनच सुरू झाला असेल तर लहान फरक डोंगराएवढा दिसतो.

एक्सेलच्या तक्त्यांनाही अशीच नजर लागते. खालच्या बाजूला किती पाने आहेत, ओळींच्या क्रमांकांत मधेच उडी आहे का, गाळणी लावलेली आहे का, हे पाहावे. ओळ १४ नंतर थेट २१ आली, तर मधल्या सहा ओळी लपलेल्या आहेत.

## सूचना कुठे आणि कशी लिहावी?

ब्राउझरमधल्या फाइलला तीन प्रकारची परवानगी असते: फक्त पाहण्याची, टिप्पणी करण्याची आणि संपादनाची. तपासणाऱ्याला बहुधा दुसरी पुरेशी असते. गूगल डॉक्समधली 'सूचना' पद्धत किंवा वर्डमधली बदल नोंदवण्याची सोय वापरली, तर मूळ मजकूर शाबूत राहतो आणि बदल कोणी सुचवला तेही दिसते. थेट खोडून लिहिले, तर नंतर वाद होतो.

टिप्पणी अशी असावी की वाचणाऱ्याला काय करायचे ते कळावे. 'हे चुकीचे आहे' याचा उपयोग नाही. 'तक्ता ३, ओळ १२: क्षेत्र हेक्टरमध्ये आहे की एकरात ते लिहावे' याचा आहे.

सरकारी मसुद्यावरची हरकत मात्र ब्राउझरमधल्या टिप्पणीने नोंदत नाही. ती अधिसूचनेत दिलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर, मुदतीत जावी लागते. पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीसाठी २००६ च्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. अशा वेळी मराठी सारांश आणि इंग्रजी अहवाल दोन टॅबमध्ये शेजारी ठेवून आकडे जुळवणे, हा ब्राउझरचा सर्वांत चांगला उपयोग.

## घाटात नेटवर्क नसताना

डोंगराळ भागात, त्यातही पावसाळ्यात, इंटरनेटचा भरवसा नसतो. ड्रोनच्या फोटोंनी भरलेले सादरीकरण अशा ठिकाणी उघडता उघडत नाही. पोलादपूर किंवा महाडमध्ये नेटवर्क असतानाच फाइल उतरवून घ्यावी. पीडीएफ एकदा मोबाइलमध्ये आली की इंटरनेटशिवाय वाचता येते. गूगलच्या फाइल ऑफलाइन उपलब्ध करण्याची सोय आहे, पण ती आधी चालू करावी लागते. ग्रामसभेत पडद्यावर दाखवायचे असेल तर सादरीकरणाची पीडीएफ प्रत आणि महत्त्वाच्या पानांच्या छापील प्रती हाताशी असाव्यात.

## फाइल कुठे चढवू नये?

'मोफत फाइल उघडा' म्हणणारी अनोळखी संकेतस्थळे फाइल आपल्या सर्व्हरवर घेतात. लाभार्थ्यांची यादी, आधार क्रमांक, बँक खाते किंवा भरपाईची रक्कम असलेला कागद तिथे टाकू नये. पीडीएफ तर ब्राउझर स्वतःच, संगणकावरच उघडतो. त्यासाठी ती कुठेही चढवण्याची गरज नाही. दुवा पाठवताना 'दुवा असलेल्या कोणालाही' हा पर्याय सुरू आहे का, ते तपासावे. तो दुवा एका गटातून दुसऱ्या गटात गेला, की यादी गावभर होते.

## तपासणीचा क्रम

एका कागदासाठी वीस मिनिटेच हाती असतील, तर हा क्रम ठेवावा:

१. तारीख, क्रमांक, मसुदा की अंतिम, आणि हरकतीची मुदत.
२. शीर्षके किंवा लहान स्लाइड पाहून पूर्ण सांगाडा.
३. शोध चालतो का, याची एका दिसणाऱ्या शब्दाने चाचणी.
४. गाव: कोड, नावाची वेगवेगळी रूपे, मग ओळीने यादी.
५. आकडे: एकक, बेरीज आणि आकडा कशाचा आहे.
६. टिपा, लपवलेला भाग, टिप्पण्या.
७. पान आणि परिच्छेदासह लेखी सूचना, आणि तपासलेल्या फाइलची प्रत जपून ठेवणे.

शेवटची पायरी अनेकदा राहून जाते. संकेतस्थळावरची फाइल उद्या बदलू शकते किंवा काढलीही जाऊ शकते. कोणत्या तारखेच्या कोणत्या प्रतीवर हरकत घेतली, हे दाखवता आले नाही, तर वेळेत केलेल्या तपासणीचाही उपयोग होत नाही.